उत्पन्न सांगताना मान खाली का?



कॉलेजच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना घरच्या उत्पन्नाच्या रकान्यापाशी आपला हात थबकतो. कोणी लाजेने आकडा वाढवून सांगतो, कोणी भीतीने कमी करून. मी मास्तर आहे, हे दरवर्षी पाहतो. अशा वेळी मी पालकांना बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेची हकीकत सांगतो. तुम्हीही ती ऐका.

सुभेदार रामजी सैन्यातून निवृत्त झालेले. खाणारी तोंडे पुष्कळ आणि मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीचे बिऱ्हाड. तिथेच चूल, तिथेच अभ्यास. पुस्तकाला पैसे नसले की सुभेदार लेकीचा दागिना मागून आणीत, गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती येताच सोडवून परत देत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले. पण पुढे खर्च झेपेना.

तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी पुढे आले. त्यांनी भीमरावांची हुशारी आणि घरची अडचण, दोन्ही सयाजीराव महाराजांच्या कानावर घातली. बडोद्याहून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. अडचण झाकून ठेवली असती, तर शिक्षण तिथेच थांबले नसते का?

१९१३ च्या फेब्रुवारीत सुभेदार वारले. त्याच वर्षी बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यासाठी शिकून आल्यावर बडोदा संस्थानची १० वर्षे नोकरी करण्याचा करार त्यांनी करून दिला होता. भिकेला करार नसतो. शिष्यवृत्ती म्हणजे उद्याच्या कामावर ठेवलेला विश्वास.

पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना, १९४४ साली, अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकनंतरची सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपली मुले मागतात ती हीच.

म्हणून, आयांनो आणि बापांनो, खरे तेच लिहा. मजुरी वर्षातून किती महिने मिळते, घरात खाणारे किती, कमावते किती, हे स्पष्ट सांगा. तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा. वाढवून सांगाल तर मुलाचा हक्क जाईल, कमी सांगाल तर आपले शील जाईल. सुभेदारांची एक खोली लाजिरवाणी नव्हती. तुमचीही नाही.

जयभीम.