केरूनाना छत्रे

रायगड जिल्ह्यात राहणाऱ्यांना पावसाची ओळख करून द्यावी लागत नाही. जून महिना लागला की कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील शेतकरी पश्चिमेकडे पाहू लागतात. पाऊस सुरू झाला की थोड्याच दिवसांत उल्हास आणि पाताळगंगा दुथडी भरून वाहतात. पाऊस सर्वांनाच दिसतो, पण तो यंत्राने मोजून त्याची रोज नोंद ठेवणारे फार थोडे असतात. आपल्या देशात हे काम नवे होते, तेव्हा ज्या मोजक्या माणसांनी ते निष्ठेने केले, त्यांतील एक आपल्याच जिल्ह्यातले होते. त्यांचे नाव केरो लक्ष्मण छत्रे. लोक त्यांना आदराने केरूनाना म्हणत.

केरूनानांचा जन्म १८२५ साली अलिबागजवळील नागाव या गावी झाला. नारळी-पोफळीच्या बागांचे हे गाव समुद्रकिनारी आहे. केरूनाना लहान असतानाच त्यांचे आईवडील वारले. नातेवाइकांनी त्यांना शिक्षणासाठी मुंबईला नेले. तेथे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकू लागले. गणितात त्यांची बुद्धी विलक्षण चाले. आर्थर ऑर्लिबार नावाचे इंग्रज प्राध्यापक तेथे गणित आणि ज्योतिष शिकवीत. या हुशार मुलाकडे त्यांचे लक्ष गेले.

मुंबईत कुलाबा येथे ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली एक वेधशाळा बांधली होती. वेधशाळा म्हणजे आकाशातील ग्रहताऱ्यांचे निरीक्षण करण्याची जागा. १८४१ च्या सुमारास तेथे नवे काम सुरू झाले. होकायंत्राची सुई ज्या शक्तीमुळे उत्तरेकडे वळते, त्या पृथ्वीच्या चुंबकशक्तीची आणि हवेची मोजमापे नियमितपणे घ्यावयाची होती. हे काम ऑर्लिबार यांच्याकडे आले. त्यांनी केरूनानांना मदतनीस म्हणून घेतले. तेव्हा केरूनाना पंधरा-सोळा वर्षांचे होते. म्हणजे तुम्हा नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांएवढेच!

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. वायुभारमापकावरून हवेचा दाब पाहायचा. तापमापकावरून उष्णता पाहायची. वारा कोणत्या दिशेने वाहतो, आकाशात ढग किती आहेत, पाऊस किती पडला, हे सर्व वहीत लिहायचे. हे दिवसा आणि रात्रीही ठरलेल्या वेळी करायचे. झोप आली म्हणून एखादा आकडा अंदाजाने लिहिला, तर त्या वेळी कोणाच्या लक्षात येणार? पण वहीत एक खोटा आकडा शिरला की तिच्यातील खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. म्हणून अशा कामाला हुशारीइतकाच प्रामाणिकपणा लागतो. केरूनानांनी कुलाब्याच्या वेधशाळेत सुमारे दहा वर्षे काम केले.

अशा नोंदी ठेवून काय मिळते? हे समजण्यासाठी आधी दोन शब्द नीट समजून घेऊ. आज कर्जतला ऊन पडले, काल पाऊस होता, ही झाली हवा. एखाद्या ठिकाणच्या हवेची अनेक वर्षे नोंद ठेवून जी सरासरी काढतात, ती म्हणजे हवामान. उर्दूत पहिल्याला आपण मौसम म्हणतो, दुसऱ्याला आबोहवा. मौसम हा शब्द मूळचा अरबी. अरब खलाशी ठरावीक ऋतूतील वाऱ्यांच्या मदतीने जहाजे हाकून आपल्या किनाऱ्याला येत. त्यांच्या त्याच शब्दावरून पुढे मान्सून हा शब्द तयार झाला. हवा डोळ्यांनी दिसते, अंगाला जाणवते. हवामान मात्र वहीतूनच कळते. एका दिवसाच्या आकड्याला फारशी किंमत नसते. पण त्याच जागी, त्याच पद्धतीने पन्नास-शंभर वर्षे आकडे लिहिले गेले, म्हणजे तो मोठा खजिना होतो.

१८५१ साली केरूनाना पुण्याला गेले. त्या काळी मुंबई-पुणे रेल्वे नव्हती. मुंबईहून निघालेला प्रवासी सहसा होडीने पनवेलला येई. तेथून खालापूर, खोपोली या मार्गाने जाऊन तो बोरघाट चढे आणि खंडाळ्याला पोहोचे. घाटातून रेल्वे सुरू झाली ती १८६३ साली. तेव्हापासून कर्जतहून गाडी घाट चढू लागली.

या वाटेवर हवामानशास्त्राचा पहिला धडा प्रत्यक्ष पाहायला मिळतो. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे येतात. सह्याद्रीचा कडा आडवा आल्यामुळे त्यांना वर चढावे लागते. उंचावर हवा थंड होते. थंड हवेत बाष्प सामावत नाही. त्याचे बारीक थेंब बनतात आणि पाऊस कोसळतो. म्हणून कर्जत, खालापूर आणि माथेरानला धो-धो पाऊस पडतो. घाट ओलांडल्यावर त्याच वाऱ्यांत बाष्प कमी उरते आणि डोंगर उतरताना हवा पुन्हा तापते. म्हणून पुढे पाऊस कमी होत जातो. माथेरानला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पुण्याला सुमारे सातशे मिलिमीटर. मध्ये अंतर फार नाही. आहे तो फक्त डोंगर. अशा भागाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

पुण्यात केरूनाना शिक्षक झाले. प्रारंभी ते शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल शाळेत मराठीतून शिकवीत. पुढे ते अहमदनगरच्या इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि नंतर डेक्कन कॉलेजात गणित व सृष्टिशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. त्यांचे शिक्षण झाले तेव्हा मुंबई विद्यापीठच नव्हते. ते १८५७ साली स्थापन झाले. परंतु त्यांच्या ज्ञानाविषयी कोणाला शंका नव्हती. लोकमान्य टिळक डेक्कन कॉलेजात त्यांच्याजवळ गणित शिकले. या गुरूंविषयी त्यांच्या मनात फार आदर होता.

विज्ञान इंग्रजी जाणणाऱ्या थोड्या लोकांपुरतेच राहू नये, असा केरूनानांचा प्रयत्न होता. त्यांनी मराठी शाळांसाठी अंकगणित आणि पदार्थविज्ञान या विषयांवर पुस्तके लिहिली. १८६० साली त्यांचा ग्रहसाधनाची कोष्टके हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या साहाय्याने ग्रहांची स्थाने अचूक काढता येत.

या ग्रंथातूनच एक अवघड काम पुढे आले. पंचांग म्हणजे तिथी, वार आणि ग्रहांची स्थाने सांगणारी जंत्री. त्या काळची पंचांगे फार जुन्या गणितावर चालत. त्यामुळे पंचांगात ग्रह एका जागी लिहिलेला असे आणि आकाशात तो दुसऱ्याच जागी दिसे. पंचांग आकाशाशी जुळलेच पाहिजे, असे केरूनानांचे मत होते. आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने १८६५ पासून त्यांचे नवे पंचांग निघू लागले. ते पटवर्धनी पंचांग या नावाने ओळखले गेले. मात्र पुष्कळ लोकांनी ते स्वीकारले नाही. सण आणि व्रते वेगळ्या दिवशी येतील, ही त्यांची अडचण होती. केरूनानांनी कोणाशी वैर धरले नाही, पण आपले गणितही बदलले नाही. वेधशाळेत लहानपणी लागलेली सवय येथे उपयोगी पडली. जे दिसते तेच लिहायचे, ही ती सवय. लोकांना आवडेल ते लिहिण्याचा मोह त्यांना झाला नाही.

१८७७ साली सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. १८७९ साली ते सेवेतून निवृत्त झाले आणि १८८४ साली त्यांचे निधन झाले.

केरूनाना गेले, पण ते काम थांबले नाही. १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले होते. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम धावणार असे ठरले. विजेमुळे कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडल्या असत्या. म्हणून १९०४ साली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. अशा रीतीने केरूनानांनी तरुणपणी केलेले हे काम त्यांच्या जन्मगावाजवळच येऊन पोहोचले. कुलाब्याच्या पावसाच्या दीडशेहून अधिक वर्षांच्या नोंदी आज शास्त्रज्ञांच्या हाती आहेत. पृथ्वी तापत आहे का, पावसाची रीत बदलत आहे का, हे अशा जुन्या आकड्यांवरूनच ठरवता येते.

हे आकडे केवळ शास्त्रज्ञांच्या कामाचे नाहीत. १९ जुलै २०२३ च्या रात्री, सतत चाललेल्या मुसळधार पावसात, खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली किंवा बेपत्ता झाली. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना पाऊस केव्हा धोक्याचा झाला हे वेळेवर कळावे लागते. त्यासाठी किती पाऊस नेहमीचा आणि किती नेहमीपेक्षा जास्त, हे आधी माहीत असावे लागते. हे सांगणारी नोंद कोणीतरी रोज, कंटाळा न करता ठेवलेली असते.

विद्यार्थी मित्रांनो, ही नोंद तुम्हीही ठेवू शकता. सरळ बाजूंचे, सपाट तळाचे एक भांडे उघड्या जागी ठेवा. रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा, वहीत लिहा आणि भांडे रिकामे करा. पाऊस पडला नसेल त्या दिवशी शून्य लिहा. तोही आकडाच आहे. एखादा दिवस चुकला तर तेथे जागा कोरी सोडा, मनाने आकडा घालू नका. नागावचा एक पोरका मुलगा अशाच वहीपासून सुरुवात करून महाराष्ट्राचा थोर गणिती झाला.