काढलेल्या चार तारा

मँडोलिनला तारा आठ, पण जोड्या चार. जोडीतल्या दोन्ही तारा नखीच्या एकाच फटकाऱ्यात एकजीव वाजाव्या लागतात. अमेरिकेतल्या केंटकीत १९११ साली जन्मलेल्या बिल मन्रोच्या हाती मात्र चारच तारा आल्या. फिडल आणि गिटार थोरल्या भावांनी घेतलेली. धाकट्याचा आवाज फार होऊ नये म्हणून त्यांनी मँडोलिनच्या निम्म्या तारा काढायला लावल्या.

नजर अधू, आई-वडील पोरवयातच गेलेले. पेन मामाच्या फिडलला साथ करता करता ताल अंगात मुरला. पुढे आठही तारांवर त्याची नखी जोरकस फिरू लागली. १९३९ साली तो ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नॅशव्हिलच्या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाला. त्याच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’वरून एका संगीतप्रकारालाच नाव मिळाले.

१९९६ साली तो गेला. लहानपणी काढलेल्या त्या चार तारांची भरपाई त्याने जन्मभर वाजवून केली.