दाताच्या कॅपचा टवका आणि काचेचा अभ्यासक ग्रिफिथ

पनवेल, प्रतिनिधी

दातावर बसवलेली सिरॅमिकची कॅप इतकी कठीण असते, की पोलादी चमच्याने घासूनही तिच्यावर सहसा ओरखडा उठत नाही. तरीही चिक्कीचा तुकडा चावताना किंवा भातातला एखादा खडा दाताखाली येताच तिचा टवका उडतो. पनवेल तालुक्यात कामोठे व खारघर येथे दंत महाविद्यालये आहेत. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला या कोड्याचे उत्तर शोधताना ज्यांच्या सिद्धांतापाशी यावे लागते, ते ॲलन अर्नोल्ड ग्रिफिथ दंतवैद्य नव्हते. ते विमानांसाठी काम करणारे इंग्रज अभियंता होते.

ग्रिफिथ यांचा जन्म १३ जून १८९३ रोजी लंडनमध्ये झाला. त्यांचे वडील जॉर्ज ग्रिफिथ हे आकाशयानांच्या अद्भुत कथा लिहिणारे लोकप्रिय कादंबरीकार होते. १९०६ मध्ये वडिलांचे निधन झाले, तेव्हा ॲलन यांना तेरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. पुढे लिव्हरपूल विद्यापीठातून त्यांनी १९१४ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी मिळवली आणि १९१५ मध्ये ते फार्नबरो येथील शाही विमान कारखान्यात रुजू झाले. पिळल्या जाणाऱ्या दांड्यातील ताण साबणाच्या पातळ पडद्यावरून मोजण्याची युक्ती त्यांनी जेफ्री टेलर यांच्यासह १९१७ मध्ये मांडली. त्यावरून सहकाऱ्यांनी त्यांना साबणाच्या फुग्याचे टोपणनावही बहाल केले.

यंत्राच्या भागावरील बारीक ओरखड्याने त्याची ताकद इतकी का घटावी, या प्रश्नाने त्यांना पछाडले. चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ मध्ये दाखवून दिले होते, की भेगेच्या टोकाशी ताण अनेक पटींनी वाढतो. पण केवळ तेवढ्याने हिशेब जुळत नव्हता. ग्रिफिथ यांनी प्रयोगासाठी काच निवडली. ती तापवून त्यांनी तिचे तंतू ओढले, तेव्हा विलक्षण गोष्ट दिसली. जाड कांडीपेक्षा केसाहून बारीक ताजा तंतू, आकारमानाच्या हिशेबाने, सुमारे २० पट ताण सहन करीत होता. याचा अर्थ काच मुळात दुबळी नाही. तिला दुबळी करतात त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा.

हा सिद्धांत १९२१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भेग वाढताना दोन नवे पृष्ठभाग तयार होतात आणि त्यासाठी ऊर्जा खर्च होते. त्याच वेळी ताणलेल्या पदार्थातील साठलेली ऊर्जा मोकळी होते. भेग ठरावीक लांबीची झाली, की मिळणारी ऊर्जा खर्चाहून अधिक होते व भेग आपोआप धावू लागते. म्हणूनच ठिसूळ वस्तू पूर्वसूचना न देता तुटते.

दाताच्या कॅपमध्ये नेमके हेच घडते. पोर्सिलेन दाब उत्तम सोसते, ताण मात्र सोसत नाही. कठीण घास एकाच बिंदूवर टेकला, की त्याच्या कडेला आणि कॅपच्या आतल्या बाजूला ताण निर्माण होतो. तेथे भट्टीतील एखादा बुडबुडा किंवा उंची जुळवताना घासल्याचा ओरखडा असेल, तर भेग तिथूनच निघते. लाळेतील पाणी भेगेच्या टोकाशी असलेले काचेचे बंध हळूहळू सोडवते, त्यामुळे चावण्याचा साधा जोरही वर्षानुवर्षे तिला पुढे सरकवतो. झोपेत दात खाण्याची सवय असल्यास हे लवकर घडते. धातू किंवा झिर्कोनियाच्या सांगाड्यावर पोर्सिलेनचा थर दिलेल्या कॅपमध्ये बहुधा हा वरचा थरच निघतो.

काचेवरील हे काम ग्रिफिथ यांना फार काळ करता आले नाही. रात्री चालू राहिलेल्या गॅसच्या ज्योतीने प्रयोगशाळेला आग लागली व काम थांबवण्याचा आदेश आला, अशी हकीकत सांगितली जाते. त्यानंतर त्यांनी इंजिनांकडे लक्ष वळवले. फ्रँक व्हिटल यांच्या जेट इंजिनाच्या कल्पनेवर त्यांनी प्रतिकूल मत दिले होते. तो निर्णय पुढे चुकीचा ठरला. स्वतः ग्रिफिथ यांनी मात्र १९२६ मध्येच अक्षीय टर्बाइनचा सिद्धांत मांडला होता. १९३९ मध्ये ते रोल्स-रॉइसमध्ये गेले. त्यांच्या अक्षीय रचनेच्या विचारातून पुढे आलेले एव्हन इंजिन भारतीय हवाई दलाच्या हंटर आणि कॅनबेरा विमानांतही होते.

भेगांचा सिद्धांत दोन दशके जवळपास दुर्लक्षित राहिला. दुसऱ्या महायुद्धात लिबर्टी जहाजे दुभंगू लागली, तेव्हा अभियंत्यांना तो आठवला. जॉर्ज अर्विन यांनी तो धातूंनाही लागू केला. ऑस्ट्रेलियातील गार्वी, हॅनिंक आणि पास्को यांनी १९७५ मध्ये झिर्कोनियाचा गुण उघड केला: भेगेच्या टोकाशी त्याचे स्फटिक रूप बदलून फुगतात व भेगेला दाबून धरतात. आजच्या झिर्कोनिया कॅपचे बळ त्यातच आहे.

ग्रिफिथ १३ ऑक्टोबर १९६३ रोजी निवर्तले. कॅपची उंची कमी करण्यासाठी ती घासली गेल्यास पुन्हा गुळगुळीत करून घेण्याचा आग्रह रुग्णानेही धरावा, हा त्यांच्या संशोधनातून निघणारा साधा धडा आहे. तो ओरखडा राहून गेला, तर महागडी कॅपही दगा देऊ शकते.