हिशेबाचे तपस्वी : डॉ. जे. सी. कुमारप्पा

वर्धा हे नाव उच्चारताच महात्मा गांधी, आचार्य विनोबा भावे आणि शेठ जमनालाल बजाज यांचे स्मरण होते, आणि ते योग्यच आहे. परंतु याच वर्ध्यात, मगनवाडीत राहून, सरकारच्या जमाखर्चाची झडती घेणारे एक अर्थपंडित होऊन गेले. त्यांचे नाव आजच्या तरुण पिढीपैकी फारच थोड्यांच्या कानी असेल. डॉ. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे आपल्या ज्ञातीचे नव्हते. ते तमिळ ख्रिस्ती कुटुंबात जन्मले होते. तथापि आपल्या ज्ञातिबांधवांची अनेक मुले हल्ली वाणिज्य शाखेचे शिक्षण घेत आहेत, आणि कर भरणे व करांविषयी कुरकुरणे या दोन गोष्टी तर आपणा सर्वांच्याच घरी चालतात. कराविरुद्ध ओरड करणे सोपे असते. तो कर कोणाकडून घेतला आणि कोणावर खर्चला, हे आकड्यांनी दाखविणे अवघड असते. ते अवघड काम ज्यांनी जन्मभर केले, त्यांचे अल्पचरित्र वाचकबंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे झाला. घर सुशिक्षित, राहणी साहेबी. लंडनला जाऊन ते हिशेबतपासनीस झाले आणि परत आल्यावर मुंबईत त्यांनी भागीदारीत आपली पेढी थाटली. पेढी उत्तम चालली होती. वयाच्या पस्तिशीस, १९२७ साली, ते अमेरिकेस गेले आणि प्रथम सिराक्यूज येथे व नंतर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकू लागले. तेथे एका ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्याच्या कारणांवर व्याख्यान दिले व त्याचा वृत्तांत वर्तमानपत्रात आला. त्यांचे प्राध्यापक सेलिगमन हे करशास्त्राचे जगन्मान्य पंडित. त्यांच्या नजरेस तो वृत्तांत पडला, आणि सरकारी जमाखर्च व देशाचे दारिद्र्य यांचा संबंध हाच विषय प्रबंधासाठी घ्यावा असे त्यांनी सुचविले. त्या एका सूचनेने कुमारप्पांच्या आयुष्याची दिशा बदलली. सरकारी अहवालांतील आकडे मांडता मांडता त्यांना दिसून आले की, रयतेकडून गोळा केलेला पैसा फौज, कर्जाचे व्याज व बड्या अधिकाऱ्यांचे पगार यांतच मुख्यतः जिरतो. शाळा, दवाखाने व शेतीसुधारणा यांच्या वाट्यास उष्टेखरकटे येते. साहेबी पोशाखातला हा गृहस्थ आपल्याच आकड्यांनी स्वदेशी बनला!

१९२९ साली ते मायदेशी परतले व आपला प्रबंध गांधीजींस दाखवावा म्हणून मे महिन्यात साबरमतीस गेले. नेमलेल्या वेळेच्या अगोदरच ते पोहोचले. सारवलेल्या जमिनीवर एक वृद्ध गृहस्थ सूत कातीत बसले होते. तेच गांधीजी, हे कळावयास त्यांना थोडा वेळ लागला. मग आपल्या भारी विलायती विजारीची पर्वा न करता तेही जमिनीवरच बसले. गांधीजींनी तो प्रबंध ‘यंग इंडिया’ पत्रातून क्रमशः छापण्याचे मान्य केले, परंतु त्याबरोबर एक कामही गळ्यात घातले. ग्रंथालयात बसून दारिद्र्य सिद्ध केले, ते आता खेड्यात जाऊन मोजून दाखवावे, असा त्या कामाचा मथितार्थ होता.

यामागे ताजा इतिहास होता. १९२८ साली बार्डोली तालुक्यात सरकारने शेतसारा २२ टक्क्यांनी वाढविला, तेव्हा सरदार वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सारा देण्याचे नाकारले. जप्त्या झाल्या, गुरेढोरे ओढून नेली गेली. तरी लोक वाकले नाहीत. अखेर चौकशी होऊन ती वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आली. सत्याग्रहाला जोड चौकशीची होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. फेरआकारणीचे अधिकारी तालुक्याची भरभराट कागदावर दाखवीत आणि सारा वाढवीत. त्यास उत्तर द्यावयाचे तर आपलाही कागद हवा. म्हणून गुजरात विद्यापीठाचे विद्यार्थी घेऊन कुमारप्पा खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्यात उतरले. पन्नासांहून अधिक गावे त्यांनी पालथी घातली. घरात माणसे किती, जमीन किती, बैल किती, पीक काय, सावकाराचे देणे किती, सारा किती, असे घरोघर विचारून नोंदविले. ज्याचे उत्पन्न पोटासही पुरत नाही, त्याच्याकडूनही सारा वसूल होतो, हे त्या पाहणीतून उघड झाले. साध्या व्यापाऱ्यास नफा झाल्याशिवाय प्राप्तिकर पडत नसे. शेतकऱ्यास मात्र तोटा झाला तरी सारा चुकत नसे.

इतक्यात १९३० साल उजाडले. मिठाचा सत्याग्रह आपण सर्वांनी शाळेच्या पुस्तकात वाचला आहे, परंतु त्यामागचा हिशेब पुस्तकात क्वचितच येतो. १९२३ साली विधिमंडळाचा विरोध असताही व्हाइसरॉय रीडिंग यांनी आपल्या खास अधिकाराने मिठावरचा कर मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपये केला होता. पुढल्या वर्षी तो पुन्हा सव्वा रुपयावर आणावा लागला. मीठ श्रीमंतास जितके लागते तितकेच गरिबासही लागते. उन्हात राबणाऱ्यास किंचित अधिकच. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत मिठाचा कर रद्द करावा व शेतसारा निम्मा करावा यांबरोबरच लष्करी खर्च निम्मा करावा आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पगारही निम्मे करावेत, या मागण्या होत्या. नुसता कर कमी करा असे म्हटले की राज्यकर्ता विचारतो, मग खर्च कशाने चालवू? त्याचे उत्तर मागणीतच दिलेले होते. २ मार्चला व्हाइसरॉय आयर्विन यांस लिहिलेल्या पत्रात गांधीजींनी त्यांच्याच पगाराचा दाखला दिला. महिना २१,००० रुपये, म्हणजे दिवसास ७०० रुपयांहून अधिक. आणि सामान्य हिंदी माणसाची सरासरी मिळकत दिवसास दोन आण्यांहूनही कमी. रुपयाचे सोळा आणे होत असत हे आजच्या मुलांस सांगावे लागते. ते सांगून हे त्रैराशिक त्यांच्याकडून अवश्य करवून घ्यावे. उत्तर पाच हजार पटींच्या वर जाते.

गांधीजी दांडीस निघाले. पुढे धरपकड सुरू झाली तेव्हा ‘यंग इंडिया’ चालविण्याची जबाबदारी कुमारप्पांवर आली. सरकारने छापखाना जप्त केला, तर पत्र चक्रमुद्रित करून निघू लागले. आपल्या विदर्भास समुद्र नाही. येथे लोकांनी राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला, कारण चराईची फी आणि जंगलचे निर्बंध हाच येथल्या शेतकऱ्याचा मिठाचा कर होता. लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसद येथे या जंगल सत्याग्रहाचा आरंभ केला. आपल्या जिल्ह्यात आर्वी तालुक्यातील तळेगाव येथेही तो झाला. कुमारप्पांस लेखनाबद्दल शिक्षा झाली, परंतु मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारामुळे ते लवकरच सुटले.

सुटताच त्यांच्यावर एक मोठे काम सोपविण्यात आले. हिंदुस्थानच्या डोक्यावरील सरकारी कर्जापैकी न्यायाने आपले किती व इंग्लंडचे किती, हे ठरविण्यासाठी काँग्रेसने एक समिती नेमली. तीत भुलाभाई देसाई, प्रा. के. टी. शहा यांसारखे विद्वान होते व कुमारप्पा तिचे निमंत्रक होते. समितीच्या अहवालात जे निघाले ते वाचून आजही मन विषण्ण होते. ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य इंग्लंडच्या राजाने घेतले, त्याची किंमत हिंदी रयतेच्या खात्यावर. १८५७ चा उठाव मोडण्याचा खर्च हिंदी रयतेच्याच खात्यावर. अफगाणिस्तान व ब्रह्मदेश येथील लढायांचा बोजाही तिच्यावरच. पहिल्या महायुद्धात १९१७ साली तर दहा कोटी पौंडांची ‘देणगी’ या दरिद्री देशाकडून इंग्लंडला देण्यात आली. ज्याला बेड्या घातल्या त्याच्याचकडून लोहाराची मजुरी घ्यावी, असा हा प्रकार!

दुसऱ्याचा हिशेब तपासणारे पुष्कळ असतात. स्वकीयांचा तपासताना त्यांचे हात कापतात. कुमारप्पांचे कापले नाहीत. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात भयंकर भूकंप झाला. राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखालील मदतकार्याचा निधी सांभाळण्यास कुमारप्पांस बोलाविण्यात आले. कार्यकर्त्यांच्या जेवणखर्चावर त्यांनी कडक मर्यादा घातली. पुढे गांधीजी आपल्या परिवारासह तेथे आले, तेव्हा त्यांच्या प्रवासाचा व भोजनाचा खर्च या निधीतून मिळणार नाही, तो पैसा भूकंपग्रस्तांचा आहे, असे कुमारप्पांनी स्पष्ट कळविले. गांधीजींनी ते मान्य केले. सार्वजनिक संस्थांचे चिटणीस व खजिनदार यांनी (त्यांत आपले मंडळही आले) हा प्रसंग नीट वाचावा अशी माझी नम्र सूचना आहे.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना होऊन त्याचे ठाणे वर्ध्यास आले. जमनालालजींनी आपली बाग दिली. गांधीजींचे दिवंगत सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावावरून तिचे नाव मगनवाडी पडले. आपल्या वर्ध्याचेच श्रीकृष्णदास जाजू संघाचे अध्यक्ष झाले व कुमारप्पा चिटणीस. गांधीजी स्वतः १९३६ साली शेगावास, म्हणजे आजच्या सेवाग्रामास, जाईपर्यंत मगनवाडीतच राहत होते. तेथे तेलघाणी सुधारली गेली, हातकागद, मधुमक्षिकापालन, हातसडीचे तांदूळ, धुराचा त्रास कमी करणारी चूल असे प्रयोग चालले. घाणीचा आणि कराचा काय संबंध, असे कोणी विचारील. कुमारप्पांचा विचार असा होता की, आगगाड्या व सडका रयतेच्या पैशाने बांधल्या जातात आणि त्यांचा मुख्य लाभ गिरणीच्या मालास होतो. म्हणजे गावचा तेली आपल्याच करातून आपल्या प्रतिस्पर्ध्यास पोसतो. पुढे मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे काम करताना त्यांनी सहाशेंहून अधिक खेड्यांची पाहणी करविली. मातर तालुक्याचीच पद्धती येथेही लावली.

१९४२ साली त्यांनी एक लेख लिहिला आणि त्याला ‘भाकरीऐवजी दगड’ अशा अर्थाचे, बायबलातून सुचलेले शीर्षक दिले. युद्धासाठी सरकार हिंदुस्थानात धान्य व कापड विकत घेत होते, त्याची किंमत लंडनच्या वहीत जमा होत होती, आणि त्या जमेच्या आधारावर येथे कागदी नोटा छापल्या जात होत्या. माल देशाबाहेर गेला, कागद देशात वाढला, भाव चढले. शेतकऱ्याच्या घरातले धान्य गेले आणि हाती आलेल्या नोटेचे मोल दिवसेंदिवस उतरत चालले. विधिमंडळात ठराव नाही, पावती नाही, तहसीलदाराचा शिपाई दारात नाही, तरी कर वसूल! महागाई हा सर्वांत निर्दय कर आहे, कारण तो कोणी बसविला हे भरणाऱ्यास कळत नाही. लढाईच्या ऐन धामधुमीत हे उघडे करणे सरकारला रुचणे शक्यच नव्हते. कुमारप्पा जबलपूरच्या तुरुंगात गेले. तेथेच त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हा आपला गाजलेला ग्रंथ लिहिला. गांधीजींनी प्रस्तावना लिहून त्यांस ग्रामोद्योगांचे डॉक्टर ही पदवी आपल्या परीने बहाल केली.

१ एप्रिल १९४७ पासून मिठाचा कर उठला. काही महिन्यांत राज्यही गेले. कुमारप्पा मात्र निवृत्त झाले नाहीत. काँग्रेसने नेमलेल्या शेतीसुधारणा समितीचे अध्यक्ष म्हणून १९४९ साली त्यांनी अहवाल दिला व कसणारा आणि सरकार यांमधील मध्यस्थ नाहीसे करावेत असे सुचविले. परंतु नव्या राज्यकर्त्यांचे बंगले, मोटारी व भपका पाहून ते व्यथित होत. कराची येथे १९३१ साली काँग्रेसने सरकारी नोकराचा कमाल पगार महिना पाचशे रुपये असावा असा ठराव केला होता. त्याची आठवण करून देणारा माणूस सत्तेच्या दरबारात फारसा प्रिय होत नाही. त्यांची सर्वच मते मला पटतात असे नाही. मोठ्या धरणांवाचून व कारखान्यांवाचून एवढ्या लोकसंख्येचे कसे भागले असते, हे मला उमगत नाही. शिवाय मी स्वतः करांच्याच पैशातून पगार घेतला व आज निवृत्तिवेतन घेत आहे. तेव्हा कर वाईट असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण कुमारप्पांनीही तसे म्हटले नव्हते. घेणाऱ्याने हिशेब द्यावा, एवढेच त्यांचे मागणे होते.

मगनवाडी सोडल्यावर त्यांनी वर्धा जिल्ह्यातच सेलडोह येथे आश्रम काढला. त्याचे नाव पन्नई आश्रम. तमिळ भाषेत पन्नई म्हणजे शेत. तेथे शेती व समतोल ग्रामजीवन यांचा प्रयोग त्यांनी आरंभिला, परंतु रक्तदाबाच्या विकाराने प्रकृती खालावत गेली. डॉक्टरांच्या सल्ल्याने ते मदुराईजवळील कल्लुपट्टीच्या गांधी निकेतनात जाऊन राहिले. ते आजन्म अविवाहित होते. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, मद्रास येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या वर्ध्यातील दिवसांत, १९३८ साली, गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय मगनवाडीत आजही आहे. अधिवेशनासाठी वर्ध्यास येणाऱ्या ज्ञातिबांधवांनी मुलांना बरोबर घेऊन ते पाहावे, आणि तेथून सवड असल्यास नागपूर रस्त्याने सेलडोहपर्यंतही जाऊन यावे.