रक्ताची ओळख पटवणारे डॉ. लँडस्टायनर

बीडचे जिल्हा रुग्णालय असो वा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, रुग्णाला रक्त देण्यापूर्वी ते जुळते का हे तपासावेच लागते. या तपासणीचा पाया घालणारे डॉ. कार्ल लँडस्टायनर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रियात झाला. वडील पत्रकार होते. कार्ल सहा वर्षांचे असतानाच त्यांचे निधन झाले. १८९१ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळवल्यावर कार्ल यांनी रसायनशास्त्राचेही धडे गिरवले.

त्या काळी दुसऱ्याचे रक्त दिल्यावर कधी रुग्णाचा जीव वाचे, तर कधी जाई. लँडस्टायनर यांनी निरोगी माणसांच्या रक्ताचे नमुने एकमेकांत मिसळून पाहिले. एकाच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडे दुसऱ्याच्या तांबड्या पेशींवरील प्रतिजनांना बांधली जातात आणि पेशींच्या गुठळ्या होतात, हे त्यातून उलगडले. १९०१ मध्ये त्यांनी तीन रक्तगट जगापुढे मांडले. चौथा, एबी गट, पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत असताना त्यांनी डॉ. अलेक्झांडर वीनर यांच्यासह ऱ्हीसस घटकाचा शोध जाहीर केला. २६ जून १९४३ रोजी त्यांचे निधन झाले.

एक कोडे मात्र उरले. ऱ्हीससविरोधी काही प्रतिपिंडे पेशींना चिकटत, पण गुठळ्या दिसत नसत. ऋण विद्युतभारामुळे पेशी एकमेकींपासून दूर राहतात आणि लहान प्रतिपिंडाला दोन पेशी जोडता येत नाहीत, हे त्याचे कारण होते. लँडस्टायनर यांच्या पश्चात काही वर्षांतच विकरांचा उपाय हाती आला. आधी ट्रिप्सिन आणि नंतर पपईच्या चिकातील पपेन वापरून पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिने छाटली जाऊ लागली. त्यामुळे भार घटतो, पेशी जवळ येतात आणि लपलेले प्रतिपिंड उघडे पडते.

या उपायाला दुसरी बाजूही आहे. हेच विकर एम, एन व डफी गटांचे प्रतिजन नष्ट करते. त्यामुळे त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे या चाचणीत निसटतात. म्हणूनच केवळ विकरावर विसंबून न राहता कूम्ब्स चाचणीचीही जोड द्यावी लागते.

थॅलेसेमियामुळे वारंवार रक्त घ्यावे लागणारे मूल किंवा ऱ्हीसस निगेटिव्ह गर्भवती यांच्यासाठी असे एक निसटलेले प्रतिपिंडही घातक ठरू शकते. लँडस्टायनर यांचा जन्मदिवस २००४ पासून जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो. दात्याचे रक्त रुग्णाला सुरक्षित पोचावे, यासाठीची तपासणी हा त्यांचा खरा वारसा आहे.