पिअर क्यूरी आणि गारगोटीचा स्फटिक

रेडियम हा शब्द उच्चारताच मादाम क्यूरी ह्यांचे नाव कोणाही विद्यार्थ्याच्या ओठांवर येते. त्यांचे पती पिअर क्यूरी हे मात्र पुष्कळांस केवळ त्या थोर स्त्रीचे सहकारी म्हणूनच ठाऊक असतात. परंतु रेडियम सापडण्यापूर्वी अठरा वर्षे ह्या पुरुषाने आपल्या वडील बंधूंच्या साहाय्याने असा एक शोध लावला होता की, त्याच्या बळावर आज डॉक्टर शस्त्र न लावता मनुष्याच्या शरीरात, आणि प्रसंगी त्याच्या मेंदूतही, डोकावून पाहू शकतात. त्या शोधाची व शोधकाची हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

पिअर ह्यांचा जन्म १५ मे १८५९ रोजी पॅरिस येथे झाला. वडील यूजेन क्यूरी हे डॉक्टर होते. लहानपणी पिअरला एका विषयावरून दुसऱ्या विषयावर झटकन उडी घेणे जमत नसे. एका गोष्टीत मन गुंतले की ते तेथेच खोल बुडून राही. तासातासाला विषय पालटणाऱ्या शाळेत असा मुलगा मंद ठरला असता. वडिलांनी हे ओळखून त्यास शाळेत घातलेच नाही. घरीच आईवडिलांनी व थोरला भाऊ झाक ह्याने त्याला शिकविले. चौदाव्या वर्षी गणिताचे एक उत्तम शिक्षक लाभले, आणि तेथून त्याची बुद्धी भराभर फुलली. सोळाव्या वर्षी तो विद्यापीठाच्या प्रवेशास पात्र झाला व अठराव्या वर्षी पदवीधर. शाळेच्या वार्षिक अंकात शाळेत न गेलेल्या मुलाची गोष्ट सांगणे काहींस विचित्र वाटेल. परंतु आपल्या मुलास 'ढ' म्हणण्यापूर्वी ह्या पित्याचे स्मरण करावे, एवढीच आमची पालकांस विनंती आहे.

इ.स. १८८० मध्ये झाक व पिअर ह्या दोघा भावांनी स्फटिकांवर प्रयोग केले. गारगोटीच्या स्फटिकाची विशिष्ट दिशेने कापलेली चकती दाबली असता तिच्या एका बाजूस धन व दुसऱ्या बाजूस ऋण विद्युत् प्रकट होते, आणि दाब जितका अधिक तितकी विद्युत् अधिक, असे त्यांस आढळले. तुरमली, पुष्कराज, एवढेच काय पण उसाची साखर ह्यांच्या स्फटिकांतही हाच गुण दिसला. पुढील वर्षी लिपमन ह्या शास्त्रज्ञाने गणिताने असे दाखविले की, ह्याच्या उलटही घडले पाहिजे. म्हणजे स्फटिकास विद्युत् दिली तर त्याचा आकार किंचित् पालटला पाहिजे. भावांनी तेही प्रयोगाने सिद्ध केले. तो फरक अतिसूक्ष्म होता, आणि त्याचा रोग्यांस काही उपयोग होईल असे त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते. दोघांनी ह्या गुणाचा उपयोग करून अत्यल्प विद्युत् मोजण्याचे एक नाजूक उपकरण मात्र तयार केले.

इ.स. १८८२ पासून पिअर हे पॅरिसच्या भौतिक व रसायन ह्या विषयांच्या औद्योगिक शाळेत काम करू लागले. वेतन थोडे, आणि स्वतःची अशी प्रयोगशाळाही नाही. तरी तेथेच त्यांनी चुंबकत्वावर असे संशोधन केले की, ज्या उष्णतामानावर लोखंडासारखा पदार्थ आपले प्रबळ चुंबकत्व गमावतो त्यास आजही क्यूरींचेच नाव आहे. इ.स. १८९५ मध्ये त्यांस डॉक्टर ही पदवी मिळाली, आणि त्याच वर्षी पोलंडमधून शिक्षणासाठी आलेल्या मारी स्क्लोडोव्स्का ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे गळक्या छपराच्या एका पडवीत त्या उभयतांनी केलेले कष्ट सर्वश्रुत आहेत. पोलोनियम व रेडियम ही दोन्ही मूलद्रव्ये त्यांस इ.स. १८९८ मध्ये सापडली. त्या किरणांची तीव्रता मोजण्यास उपयोगी पडले ते भावाभावांनी बनविलेले स्फटिकाचेच उपकरण होय.

इ.स. १९०३ च्या नोबेल पारितोषिकासाठी प्रथम बेकेरेल व पिअर ह्या दोघांचीच नावे पुढे आली होती. ही वार्ता कळताच मारी ह्यांचा वाटा डावलला जाऊ नये असे पिअर ह्यांनी आग्रहाने कळविले, व तिघांचा गौरव झाला. फ्रेंच सरकार देत असलेले मानचिन्ह त्यांनी नाकारले. रेडियमचे पेटंट घेऊन धनाढ्य होणे सहज शक्य असता त्या दांपत्याने ते घेतले नाही.

१९ एप्रिल १९०६ रोजी पॅरिसमध्ये पाऊस पडत होता. दोफीन नावाचा गजबजलेला रस्ता ओलांडताना पिअर ह्यांचा पाय घसरला आणि ते मालाने लादलेल्या घोडागाडीखाली सापडले. मागील चाकाने त्यांची कवटी भंगली व ते तत्काळ गतप्राण झाले. त्या वेळी त्यांचे वय ४६ वर्षांचे होते, आणि धाकटी कन्या दीड वर्षाचीही नव्हती.

शोध मात्र जिवंत राहिला. पहिल्या महायुद्धात पाण्याखालील शत्रूच्या नौका हुडकण्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा पिअर ह्यांचेच शिष्य पॉल लांजव्हँ ह्यांस गुरूंच्या स्फटिकाची आठवण झाली. स्फटिकास वेगाने उलटसुलट विद्युत् दिली की तो थरथरतो व मानवी कानास ऐकू न येणारा सूक्ष्म ध्वनी निर्माण करतो. तो ध्वनी एखाद्या वस्तूवर आदळून परत आला की स्फटिक दाबला जातो व पुन्हा विद्युत् देतो. जाण्यायेण्यास लागलेल्या वेळावरून अंतर कळते. आजची सोनोग्राफी ह्याच तत्त्वावर चालते. फरक इतकाच की, गारगोटीच्या जागी आता बहुधा कृत्रिम पदार्थ असतात, आणि ध्वनीची कंपने सेकंदास लक्षावधी असतात.

पोट व हृदय ह्यांचे दर्शन अशा रीतीने सुलभ झाले, पण मेंदू दिसेना. कवटीचे हाड ध्वनी शोषून घेते व त्याची वाट वाकडी करते. व्हिएन्ना येथील डॉ. कार्ल डुसिक ह्यांनी इ.स. १९४२ मध्ये मेंदूची ध्वनिचित्रे प्रसिद्ध केली. परंतु त्यांत दिसत होती ती बहुतांशी कवटीचीच छाया, असे पुढे सिद्ध झाले. तान्ह्या मुलाच्या बाबतीत निसर्गाने सोय ठेविली आहे. ज्या टाळूवर आपल्याकडे आया तेल घालतात, तेथे हाड अद्याप जुळलेले नसते, व त्या वाटेने मेंदू स्पष्ट दिसतो. मोठ्या माणसाची टाळू मात्र भरून आलेली असते.

आता ह्यावरही एक युक्ती निघाली आहे. अपघाताने मेंदू सुजला की शस्त्रवैद्य कधी कधी कवटीचा तुकडा काढून मेंदूस मोकळीक देतात, आणि सूज ओसरल्यावर ती जागा रोग्याचेच हाड, टायटॅनियम धातू किंवा कृत्रिम पदार्थ ह्यांनी पुन्हा झाकतात. ॲक्रिलिकच्या जातीचे पारदर्शक झाकण बसविले, तर त्यातून ध्वनी बराचसा पार जातो. जणू प्रौढ माणसास पुन्हा टाळू लाभते! मग डोक्याच्या त्वचेवर यंत्र टेकवून मेंदूतील पोकळ्या रुंदावल्या काय, रक्त वा पाणी साचले काय, हे रोग्यास खाटेवरून न हलविता पाहता येते, आणि क्ष-किरणांचा संपर्कही टळतो. सर्वच रोग्यांस असे झाकण बसवीत नाहीत, आणि इतर तपासण्यांची गरजही ह्याने संपत नाही. परंतु इ.स. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी अशाच झाकणातून एका मनुष्याच्या मेंदूचे कार्य, तो गिटार वाजवीत असताना, टिपल्याचे प्रसिद्ध केले.

ज्यांचा अंत कवटी भंगून झाला, त्यांच्याच शोधामुळे आज भंगलेल्या कवटीच्या रोग्यांची देखभाल सुकर व्हावी, हा योगायोग मनास चटका लावतो. इ.स. १९९५ मध्ये फ्रान्सने पिअर व मारी ह्यांच्या अस्थी पॅरिसच्या पाँथेऑन ह्या राष्ट्रीय स्मारकात सन्मानाने नेल्या. परंतु आम्हांस वाटते, त्यांचे खरे स्मारक दवाखान्यादवाखान्यांत आहे. प्रयोगशाळेत स्फटिक हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने, ह्याचा उपयोग काय, असे विचारून तो खाली ठेवण्याची घाई करू नये. त्या दोघा भावांस तरी त्याचे उत्तर इ.स. १८८० मध्ये कोठे ठाऊक होते?