रक्तसाक्षी सेबास्तियन

रोमी बादशहांनीं ख्रिस्ती मंडळीचा जो छळ केला, त्यांत सैन्यांतील कित्येक बंधूंनीं आपले प्राण दिले; परंतु सेबास्तियन ह्याच्याइतकी कीर्ति त्यांतील थोडक्यांसच मिळाली. खांबास बांधलेला व अंगांत बाण रुतलेला तरुण, असें त्याचें चित्र आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं पाहिलें असेल. त्या बाणांपलीकडे त्याचें जें खरें शौर्य होतें, तें आज सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इ. स. ३५४ च्या एका पंचांगांत रोम येथील रक्तसाक्ष्यांची यादी आहे. तींत २० जानेवारी ह्या तारखेस त्याचें नांव आढळतें. त्याच शतकाच्या अखेरीस मिलानचा बिशप अंब्रोज ह्यानें, तो मिलानचा असून रोमास जाऊन रक्तसाक्षी झाला, असें लिहून ठेविलें. सविस्तर कथा मात्र पांचव्या शतकांतील आहे. तेव्हां तिच्यांतील प्रत्येक तपशील इतिहास म्हणून धरितां येत नाहीं, हें ध्यानांत ठेवून ती वाचावी.

डायोक्लेशियन बादशहाच्या कारकीर्दींत (इ. स. २८४–३०५) सेबास्तियन हा बादशहाच्या खास शरीररक्षकांचा अंमलदार होता. आपल्या हुद्द्याचा उपयोग करून तो बंदींत पडलेल्या ख्रिस्ती लोकांस गुप्तपणें भेटे व धीर देई. मार्कस व मार्सेलियन हे जुळे भाऊ विश्वासासाठीं कैदेंत होते. म्हातारे आईबाप व बायकामुलें त्यांच्यापुढें रडून, ख्रिस्तास नाकारा म्हणून विनवूं लागलीं. तेव्हां त्यांचें मन कचरलें. तें पाहून सेबास्तियन उघडपणें पुढें झाला आणि त्यानें त्यांस स्थिर केलें.

पुढें त्याच्यावर फिर्याद गेली. बादशहाच्या हुकुमानें तिरंदाजांनीं त्यास बाणांनीं विंधिलें व मेला समजून सोडून दिलें. आयरीन नांवाची एक विधवा रात्रीं प्रेत पुरावयास आली, तों श्वास चालू असलेला आढळला. तिनें घरीं नेऊन त्याची शुश्रूषा केली. तो बरा झाला. स्नेह्यांनीं पळून जाण्याचा आग्रह केला. परंतु तो बादशहाच्या वाटेवरच जाऊन उभा राहिला आणि निरपराध लोकांच्या छळाबद्दल त्यानें त्याची कानउघाडणी केली. ह्या वेळीं त्यास सोट्यांनीं ठार मारण्यांत आलें व प्रेत शहराच्या मोठ्या गटारांत टाकण्यांत आलें. ख्रिस्ती लोकांनीं तें काढून, ज्या अप्पियाच्या रस्त्यानें पौल प्रेषित रोमास आला, त्याच रस्त्यालगत पुरलें.

म्हणजे बाणांनीं तो मेला नाहीं. तरी लोकांनीं बाणच लक्षांत ठेविले. रोम येथें इ. स. ६८० च्या सुमाराच्या एका मोझेइक चित्रांत तो दाढी असलेला प्रौढ मनुष्य आहे. बाणांनीं विंधलेला तरुण हें चित्र पुढील काळांतील होय. साथ म्हणजे देवाचे बाण, अशी प्राचीन ग्रीक व रोमी लोकांची समजूत होती. इ. स. ६८० मध्यें इटलींतील पाव्हिया शहरांत मरी पसरली असतां सेबास्तियनच्या नांवाची वेदी उभारल्यावर ती थांबली, अशी कथा सांगूं लागले. पुढें प्लेग आला कीं युरोपांत गांवोगांव त्याचा धांवा होऊं लागला.

प्रिय वाचकहो, ज्यांच्या वाडवडिलांनीं पटकीच्या भयानें मरीआईचा गाडा शिवेपार लोटला, त्यांस हें नवल वाटणार नाहीं. आमच्या रोमन कॅथॉलिक बंधूंची हेटाळणी करणें हा आमचा हेतु नाहीं. परंतु एका देवीच्या जागीं रक्तसाक्ष्यास बसविणें हा त्याचा मान नव्हे. साथींत प्रार्थना देवाजवळ करावी आणि पाणी उकळून प्यावें, औषध घ्यावें.

सेबास्तियनचें अनुकरण करणें मात्र आपल्या हातीं आहे. आप्तांच्या अश्रूंपुढें डळमळणाऱ्या नव्या विश्वासणाऱ्याच्या पाठीशीं उभें राहणें, आणि ज्या गांवानें हांकून दिलें त्याच गांवीं द्वेष न धरितां पुन्हां साक्षीस जाणें, हें कार्य आमच्या उपदेशकांस परकें नाहीं. त्यांत त्याची स्मृति खरोखर जागी राहते.